छत्रीच्या चित्राचं गाणं

फिनेलचा वास आला की मारतहळ्ळीच्या मॉलमधला तो नाचाचा खेळ आठवतो. पडद्यावर बाण दिसायचे आणि गाण्याच्या ठेक्यावर पायाखालचे तेच बाण दाबायचे. मी तिथं फरशी पुसायचे. ऑफिसातली एक मुलगी रोज खेळायला यायची. त्या कानडी मुलखात माझ्याशी मराठीत बोलणारी तेवढी एकच. एकदा म्हणाली, "मावशी, सगळी गाणी जुनी झाली. एखादं नवं सांगा, नाहीतर उद्यापासून मी जिमला जाते." रिकामं मशीन आपोआप गाणी वाजवत राहायचं, त्यात तिच्या आवडीच्या दुडक्या चालीचं एक मला ठाऊक होतं. पण नाव इंग्रजीत. "छत्रीचं चित्र आहे बघा," मी कसंबसं म्हटलं. ती पायानं पडद्यावरची गाण्यांची चित्रं भराभर सरकवू लागली. "गुणगुणून दाखवा ना, स्वल्प," 'थोडंसं'ला ती तिथला कानडी शब्दच वापरायची. मागं तिच्या मैत्रिणी हसत होत्या, मी पुसलेलीच फरशी पुन्हा पुसू लागले. तेवढ्यात निवडायचा वेळ संपला आणि मशीननंच तिचं जुनं गाणं लावलं. "असू दे मावशी," म्हणत ती नाचली आणि गेली. मशीन पुन्हा आपोआप वाजू लागलं, तर तेच छत्रीचं गाणं. मी दारापर्यंत धावले. ती सरकत्या जिन्यावर अर्ध्यात होती. हाक मारायला मला तिचं नाव माहीत नव्हतं. ती परत आली नाही. आता घरी एकटी असले की ते गाणं मी चांगलं मोठ्यानं म्हणते.