वीस पाट्या पांढरी माती

लातुरात क्लासच्या पोरांना रडायला जागा नसते. खोलीत चौघं, मेसमध्ये रांग आणि घरून फोन आला की एकच विचारणा, मार्क किती? मुग्धा डॉक्टरीणबाईंनी म्हणूनच पोरांसाठी जनावरांच्या सोबतीचं एक केंद्र काढलं होतं. दोन शेळ्या, एक म्हातारं गाढव, चार कुत्री. पोरं यायची, शेळीच्या गळ्यात पडून बसायची, जरा हलकी होऊन जायची. जनावरांचं सगळं तुळजाबाई बघायची. पंचावन्नची बाई, तोंडानं फटकळ, तरी पोरं तिलाच मावशी म्हणायची.

त्या उन्हाळ्यात स्लॅब असा तापला की एक शेळी तडफडून मेली. "छतावर गवत लावू, मावशी. खाली थंडावा राहील," मुग्धाताई म्हणाल्या. तुळजाबाईनं कंबर कसली. क्लासवाल्यांच्या दारात ठाण मांडलं, मेसवाल्यांना भंडावून सोडलं. "पोरांच्या जिवावर गाड्या घेतल्या, आता मुक्या जनावराला सावली द्या की!" महिन्याभरात वर्गणी उभी राहिली. छतावर गवत म्हणजे नुसत्या कुंड्या मांडायच्या, असंच ती धरून चालली होती.

मग एक दिवस मातीची ट्रॉली आली.

"ही कुठं टाकायची?" तुळजाबाईनं विचारलं.

"वर. सहा इंच थर," मुग्धाताई म्हणाल्या.

"न्हाई! म्या जित्ती हाय तवर न्हाई!" तुळजाबाई ट्रॉलीपुढं आडवी झाली. काम बघायला आलेला इंजिनियर हसला. तेव्हा तिनं सव्वीस वर्षं कुणाला न सांगितलेलं सांगितलं.

गावाकडं तिचं माळवदाचं घर होतं, लाकडांवर मातीचं सपाट छत. गळू नये म्हणून दरसाल मिरगाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, ही गावाची रीतच. जुना थर कुणी काढत नसे. त्र्याण्णव साली नवरा आजारी, म्हणून हिनंच वीस पाट्या चढवल्या. शेजारणी म्हणाल्या, बास कर. ही म्हणाली, माझ्या लेकरांवर थेंब पडता कामा नये. भूकंपाच्या पहाटे म्हैस अडली म्हणून ही गोठ्यात होती. घर खाली बसलं. नवरा, दोन्ही लेकरं, सगळी आत.

"दगडानं न्हाई मेली वो. म्या टाकलेल्या मातीखाली मेली."

इंजिनियरचं हसू गेलं. त्यानं तिला खांब दाखवले, लोखंड किती घातलंय ते समजावलं. तिला पटलं की नाही देव जाणे. पण वर्गणी तिच्या शब्दावर आली होती आणि उरलेली शेळी धापा टाकत होती. ती बाजूला झाली.

दिवस कलताना शेवटची पाटी वर गेली. नीटची तयारी करणारी शिल्पा रोजच्यासारखी आत निघाली, तर तुळजाबाईनं तिचा दंड धरला. "भायेर थांब." शेळीचं दावं तिच्या हातात दिलं, गाढव सोडलं, कुत्री हाकलली, आणि एकटीच आत जाऊन छताखाली मधोमध मांडी घालून बसली.

"मावशी, बाहेर या ना!" शिल्पाला रडू फुटलं.

"वर पाणी सोडा म्हणावं. भिजून जड होऊ दे ती माती. तवर म्या इथंच हाय," तुळजाबाई म्हणाली. "त्या टायमाला म्या भायेर व्हते, बाई."