समोरच्या घरातल्या वहिनी

माझी लेक कंपनीच्या टेम्पोत, घाटी दवाखान्याच्या वाटेवर जन्मली. तो टेम्पो मीच हात करून थांबवला होता. इतकं आम्ही पाहुण्यांना हसत सांगतो. त्या संध्याकाळचं बाकीचं मी कधी कुणाला सांगितलं नाही.

वाळूजला कंपन्या येऊ लागल्या तेव्हा औरंगाबादेत जो तो प्लॉटचा दलाल झाला होता. पानवाला दलाल, न्हावी दलाल, एसटीचा कंडक्टर सुट्टीच्या दिवशी दलाल. आमचे हेही कन्नडची शेती भावांवर टाकून त्यात उतरले. नाक्यावरच्या हॉटेलात बाकांवर टेकायला जागा नसायची, आणि प्रत्येकाच्या काखेत नकाशाची गुंडाळी. माळावर नवी कॉलनी बांधून तयार होती. तिच्या मालकानं आम्हाला एक घर फुकट राहायला दिलं, कारण वस्ती दिसली की गिऱ्हाईक धीर करतं. बाकीच्या घरांना कुलपं होती.

मग मंदी आली. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर धुमसत होतं. आज बंद, उद्या संचारबंदी. कंपन्यांची भरती थांबली, बाहेरगावचा माणूस यायचा थांबला. हॉटेलातले बाक रिकामे होत गेले. पानवाला पुन्हा पानाला चुना लावू लागला, कंडक्टर सुट्टीत घरी झोपू लागला, एक जण सोयगावला शेतावर गेला. नकाशा घेऊन बसणारे एकटे आमचे हे उरले.

चुकून कुणी घर बघायला आलंच, तर आधी विचारी, "शेजार कुणाचा?" त्या दिवसांत या प्रश्नाचा रोख सगळ्यांना कळायचा. हे बेधडक सांगत, "तुमच्यातलेच हायेत समदे." माझं डोकं फिरायचं. माणसं मुळात नाहीतच, तरी त्यांना जात चिकटवायची! पुरावा म्हणून माझ्या साड्या बंद घरांच्या अंगणात वाळत घालायच्या. समोरच्या बंद घरात यांनी नुसता बोलण्यातच एक मास्तर बसवला होता. त्याची बायको कुणाच्याही बाळंतपणाला धावून येते म्हणे.

मला सातवा सरला. मी म्हणाले, "मला माहेरी धाडा. इथं हाक मारली तर कोण येणार?"

"तू गेलीस तर कॉलनी वसलेली दिसंल का? एक गिऱ्हाईक लागू दे, मग जाऊ."

"तवर बाळ थांबतंय व्हय?"

यांनी नकाशा उलगडला आणि त्यातच डोकं घातलं.

तिन्हीसांजेला साड्या गोळा करायला जायची मला भीती वाटू लागली. वारा पडलेला असायचा, तरी पदर हलल्यासारखा वाटे. साडी माझीच, पण तिच्याआड कुणी उभं आहे असं वाटून मी लांबूनच ती ओढून घेई. एकदा जेवताना हे म्हणाले, "आज मास्तर लवकर घरी आला." मला थट्टा वाटली. "मग त्यांच्याकडनं थोडं विरजण आणा," मी म्हणाले.

हे हसले नाहीत. "वहिनींकडंच संपलंय," म्हणाले, आणि भाकरी मोडू लागले.

दोनच दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, पोटात कळ आली. मी कशीबशी ओट्यावर येऊन बसले. "अहो, सडकेवर जा. कसली बी गाडी थांबवा."

"भिऊ नको. वहिनींना बोलावतो."

हे अनवाणी समोर धावले आणि ते दार वाजवू लागले. "वहिनी! ओ वहिनी! लवकर चला!" प्रत्येक थापेसरशी कुलूप कडीवर आपटत होतं. शेजारीच दोरीवर माझी हिरवी साडी होती. हे मधेच थांबून दाराला कान लावत, माझ्याकडं बघून मान हलवत आणि पुन्हा वाजवत.

अहो, तिथं कुणी नाही, असं मला ओरडायचं होतं. तेवढ्यात दुसरी कळ आली. मी खांबाला घट्ट धरलं आणि त्या दाराकडं बघत राहिले, ते आता उघडेल म्हणून.