आखणी आणि रॅपची कॅसेट

नव्वदच्या दशकात पेणला एका गणपतीच्या कारखान्यात मी रंगकाम करायचो आणि दर आठवड्याला आलेल्या नव्या कॅसेटींवर, कुणी न विचारता, निकाल द्यायचो. त्या शनिवारी पॉपची कॅसेट मी ‘गोड, पण पाणचट’ ठरवली आणि रॅपची लावली. कारखान्याचे मालक काका फळीवर उभे राहून मोठ्या मूर्तीची आखणी करत होते, म्हणजे डोळे काढत होते. त्याच फळीच्या टोकावर रंगाची वाटी धरून मी उभा. रोह्याचं मंडळ तासाभरात मूर्ती न्यायला येणार होतं.

“हा काय प्रकार हाय रे?” काकांनी विचारलं.

“नुसती बडबड. ताल म्हणून नाय,” मी म्हणालो.

तेवढ्यात फळी हलली आणि काळी रेघ गणपतीच्या गालावर उतरली. काकांनी माझ्या पायाकडे पाहिलं. तो अजून ठेका धरून होता.

“ताल नाय व्हय? मग हा कशावर नाचतोय?”

गालाला पुन्हा रंग लावला. तो वाळेपर्यंत थांबावं लागलं. टेम्पो दारात लागला तेव्हा काका दुसऱ्यांदा डोळा काढत होते आणि मी, हुकमाप्रमाणे, अंगणात मांडी घालून बसलो होतो. आतून “जमला!” ऐकू आलं, तेव्हा कुठे श्वास सोडला.