दाराचा अडसर

आमच्या सोसायटीत मासे घेऊन येणारी एक कोळीण होती. एका सकाळी मी दार उघडलं तेव्हा माझ्या हातात खेळण्यातल्या लाकडी विमानाचा अर्धवट तासलेला पंख होता. पाटी डोक्यावर तशीच ठेवून ती म्हणाली, "सर, आमच्या सासऱ्यांना दाखवा हे. त्यांनी खरं इमान पडताना बगितलंय म्हने. गावात कोनी इस्वास ठेवत नाय, पन सांगायचे काय थांबत नाय."

मी तेव्हा पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी लाकडाची विमानं तासायचो. बायको म्हणायची, पोरं मोठी झाली आणि खेळणी बापाला लागली. एकावर एक असे दोन पंख असलेल्या जुन्या दुपंखी विमानांचं मला वेडच होतं. पहिलं महायुद्ध संपलं आणि लष्कराला नकोशी झालेली ही विमानं स्वस्तात विकली गेली. कुणी त्यातून टपाल नेलं, कुणी जत्रेतल्या पाळण्यात बसवावं तशी हौशी माणसं आभाळात फिरवून आणली. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं, रोगण दिलेलं कापड. एवढ्यावर माणसं उडायची, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पुढच्या रविवारी सासरे आले. नव्वदीला टेकलेले, पण तीन जिने चढूनही धाप नव्हती. टेबलावरचं विमान त्यांनी चहूकडून न्याहाळलं, दोन पंखांमधल्या तारांवरून बोट फिरवलं आणि सांगायला सुरुवात केली.

सहा-सात वर्षांचे असताना ते आईबरोबर खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गेले होते. ओहोटी होती. विमान घरघरत आलं, मध्येच आवाज बंद पडला आणि ते चिखलात नाक खुपसून पडलं.

"आतला साहेब भायेर निंगाला नि उडी मारून उबा ऱ्हायला. चिखलात कोन उबा ऱ्हातो, मास्तर? कमरंपरत गेला. आय वरडून सांगतेय, पन त्याला आपली भासा कशी कळनार? मंग आयच त्याच्यासमोर पालथी पडली नि सरपटून दाखवलं. तवा तो आडवा झाला. आमी दोगांनी त्याला फळीवर ओडला."

खाडीतली माणसं चिखलात फळीवर पोट टेकून सरकतात, हे मी पाहिलेलं होतं. आडवं व्हायला शिकवणारी आई कुणी थापाड्या रचणार नाही, असं मला वाटलं. मग गाव विश्वास का ठेवत नाही, मी विचारलं.

"आयमुळं," ते म्हणाले.

विमान पडल्यावर दोन दिवसांनी गावात पोलीस आले होते. विमानाचे काही भाग नाहीसे झाले होते, आणि त्या दिवशी खाडीवर कोण होतं, याची चौकशी चालली होती. आईनं सांगितलं, आम्ही घरातून बाहेरच पडलो नाही. पोरानं तोंड उघडलं तशी एक ठेवून दिली. तेव्हापासून त्यांनी गोष्ट सांगितली की लोक आईला विचारायचे आणि ती नाही म्हणून मान हलवायची.

"मरताना पन इचारलं मी. नाय म्हनाली. आता मलाच कदी कदी वाटतं, सपान तर नसंल?"

ते हसत होते, पण मला वाईट वाटलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आपली आपल्यालाच खरी वाटू नये, यापरता एकटेपणा नाही.

पुढे नव्या विमानतळासाठी त्यांचं गाव हलवायचं ठरलं. घर सोडण्याआधी त्यांनी मला जेवायला बोलावलं. भाकरी आणि चिंबोरीचा रस्सा, तसा मी पुन्हा कधी खाल्ला नाही. हात धुऊन निघालो तर दाराशी रात्री आतून आडवा लावायचा लाकडी अडसर टेकवलेला होता. वाट मोकळी करायला उचलला आणि थबकलो. एवढा लांब असून तो फारच हलका होता. एक कड गोल, दुसरी निमुळती होत गेलेली. टोकाला गंजलेली लोखंडी टोपी, तिला तार ओवायचं भोक. वारा कापायला दोन पंखांमधल्या दांड्या अशा तासतात. मी स्वतः तशा आठ तासल्या होत्या.

"बाबा, हा कुणी आणला?"

"आयनं. दरवाजे बदलले, पन ह्यो कोनाला बदलू दिला नाय."

ही विमानाच्या पंखांमधली दांडी आहे, मी सांगितलं. ते उंबरठ्यावर बसले आणि अडसरावरून हात फिरवत राहिले.

"म्हंजी आयला ठावं व्हतं," ते म्हणाले. "रोज रातच्याला ह्योच लावून झोपलो मी. नि ती बगत व्हती."

सून शेजाऱ्यांना हाक मारायला निघाली. असा एक पुरावा नव्हता म्हणून तिनंही सासऱ्यांबरोबर इतकी वर्षं टोमणे खाल्ले होते. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला.

"कोनाला सांगू नको. आय खोटी पडंल."

टेम्पो भरला तेव्हा तो अडसर त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. आता ते नाहीत, आणि त्या खाडीवर भराव पडला आहे. मी ही गोष्ट लिहिली आहे, पण गावाचं नाव लिहिलेलं नाही.