निळ्या उजेडाचा भोग

सेनगावहून तांड्याकडे येणाऱ्या जीपमध्ये निलमला बसल्याबसल्या डुलकी लागली, पण मुठीतली काचेची कुपी काही सुटली नाही. प्रेमदास राठोडांची ही पोरगी शहरातल्या प्रयोगशाळेत रेणू घडवते. वीज मिळाली की आपणहून उजळणारे, मोबाइलच्या पडद्यात असतात तसले. लाल-हिरवे कधीच वळणावर आले, निळा तेवढा छळतो. त्याला उजळायला जास्त शक्ती लागते आणि त्याच शक्तीने तो मोडतो. निलमने त्या रेणूचे दोन भाग एकमेकांच्या कोनात जास्त पिळून पाहिले, कमी पिळून पाहिले, पण दिवा काही टिकेना. चार वर्षं हाच धंदा. तिला आता निळ्या रंगाचाच वीट आला होता. प्रयोगशाळेतल्या सरांनी बजावलं होतं, ही शेवटची खेप, नाहीतर निळा सोड. कुपीतल्या नव्या निळ्या भुकटीचा दिवा परवा पुण्यात बनायचा होता; वाटेत एक रात्र ती घरी थांबणार होती.

"एवढी वर्षं काय करून राहिली गं तू?" याडीने, म्हणजे आईने, रूपाबाईने विचारलं. निलमने अंधारासाठी दार लोटलं आणि नोटा तपासायची जांभळी बॅटरी कुपीवर मारली. फिकट भुकटी निळीशार उजळली. रूपाबाई बघतच राहिली.

निलम हातपाय धुऊन आली, तर निखाऱ्यांवर तूप-गूळ जळत होता. नव्या पिकाचा पहिला घास भोग म्हणून विस्तवाला द्यायचा, ही तांड्याची रीत. रूपाबाईने कुपीतून लेकीच्या पिकाचीही चिमूट त्यात टाकली होती, तुपाच्याच बोटांनी.

"याडी, मागं सर! धूर घेऊ नको!"

कुपीत तूप गेलं होतं. एवढ्याशा मळानेही दिवा घटकाभरात विझला असता. निलमला ओरडायचं होतं, पण अंगात तेवढंही त्राण नव्हतं.

"काहून गं? चुकलं का काई?"

"तुपाचा हात लागला. आता दिवा व्हायचा न्हाई."

रूपाबाईचा चेहरा उतरला. "म्या तर तुझ्यासाठीच मागितलं. हे जे काई हाय ते एकदाचं संपू दे म्हणलं. लेकरू लई वाळलं माझं."

हेच मागणं निलमही रोज मनात करत होती. तोंडाने म्हणायची तेवढी लाज वाटत होती.

तिने अंगणातून सरांना फोन लावला आणि झालं ते सांगितलं. सर म्हणाले, "निळा सोडून हिरव्याचं काम घ्यायचं का?"

"घेऊ या," ती म्हणाली. आवाज सुटका झाल्यासारखा इतका हलका निघाला की तिचा तिलाच राग आला. आत येऊन ती याडीच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली.