घासलेलं पातं
पॉलिश पेपरचा वास आला की आजही डोकं फिरतं. नव्वदच्या दशकात बारामती एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जेट इंजिनाचं एक झिजलेलं पातं नमुना म्हणून दुरुस्तीला आलं होतं. ते पास झालं तरच पुढचं काम मिळणार होतं. वेल्डिंगची भर घालून, संगणकावर चालणाऱ्या नव्या सीएनसी मशीनवर आठवडाभर खपून मी ते मापात आणलं आणि जेवायला गेलो. परतलो तर लेथवर काम करणारे आमचे म्हातारे टर्नर तात्या पॉलिश पेपरनं पातं घासत बसलेले! "तात्या, अहो काय केलंत हे?" "मशीननं खडबडीत ठेवलं व्हतं सायेब. इमानाला असलं चालंल व्हय?" घासून घासून माप केव्हाच गेलं होतं, पाठोपाठ कामही गेलं. ते बाद पातं अजून माझ्या टेबलावर आहे, आणि त्यात माझा चिडलेला चेहरा लख्ख दिसतो.