ओल्या फांद्यांचा जाळ

खाली वॉचमनने पावसात शेकोटी पेटवली आणि ओल्या लाकडांचा धूर माझ्या घरात शिरला.

लग्नानंतर नातेपुत्याला जाताना आमची एसटी अशाच पावसात बंद पडली होती. तोवर नवऱ्याशी मी धड बोललेही नव्हते, भीतीच वाटायची. मला कुडकुडताना पाहून त्यांनी बाभळीच्या फांद्या आणल्या, चाकूने साल सोलली.

"आतनं कोरडं हाय की! तू पदराचा आडोसा धर."

काडेपेटीतल्या काड्या विझत राहिल्या. शेवटची पेटली तेव्हा आम्ही दोघंही हसलो. एसटी सुरू झाली तेव्हा मला वाईटच वाटलं.

ते जाऊन वर्ष झालं. खिडकी लावायला उठले, पण लावली नाही. धूर घरभर होऊ दिला.